कानाचा पिनकोड

शरीरात दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा भोगणारा अवयव एकच, तो म्हणजे कान. पाढा चुकतं डोकं, पिरगाळला जातो कान. फराळाचा डबा उघडतात हात, चिवडा खातं तोंड, उपटला जातो कान. चष्मा डोळ्यांचा, त्याच्या काड्या कानावर. मास्क नाकातोंडाचा, त्याच्या दोऱ्याही कानावरच. अजून मान धरता येत नाही अशा वयात सोनार घरी येऊन तार खुपसून जातो, तीही कानातच. एवढं सोसून वर बोलणीही त्यानेच खायची. "अहो, मघापासून काय सांगतेय मी? कान आहेत की नाहीत?" असा प्रश्न स्वयंपाकघरातून येतो, तेव्हा वर्तमानपत्रामागच्या गृहस्थांचे दोन्ही कान जागेवर असतात आणि कामावरही असतात. वाक्य त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत घेतलेलं असतं, त्याची वर्गवारी करून, शिक्के मारून ते वर मेंदूकडे रवानाही केलेलं असतं. पुढे ते कुठे अडलं, याची चौकशी मेंदूकडे करायला हवी. पण मेंदू हाताशी येत नाही, आणि कान येतो.

तेव्हा कानाची बाजू एकदा कुणीतरी मांडायलाच हवी.

आपल्याला दिसतो तो कान म्हणजे रस्त्यावरची लाल पेटी. पत्र तिच्यात पडतं, कामकाज दुसरीकडे चालतं. आवाज या पेटीत पडून बोगद्यातून आत जातो आणि पडद्यावर थाप मारतो. पडद्यामागे तीन हाडं एकमेकांना टेकून उभी असतात: हातोडी, ऐरण आणि रिकीब. यातली रिकीब म्हणजे शरीरातलं सर्वांत लहान हाड, लांबी जेमतेम तीन मिलिमीटर. या तिघांची गरज काय, असा प्रश्न काटकसरी वाचकाच्या मनात येईल. गरज अशी की खरं काम आत पाण्यात चालतं, आणि हवेतला आवाज सरळ पाण्यावर आदळला तर त्याच्या शक्तीचे हजारातले ९९९ भाग आल्या पावली परत जातात. विहिरीत बुडी मारलेल्या पोराला काठावरच्या आईच्या हाका ऐकू येत नाहीत, याची कारणं दोन, पोराचा बेरकीपणा आणि भौतिकशास्त्र. ही तीन हाडं पडद्यावरचा सगळा जोर गोळा करतात आणि वीसेक पट लहान खिडकीवर टाकतात. त्यामुळे परत जाऊ पाहणारा बराचसा आवाज आत ढकलला जातो.

खिडकीच्या पलीकडे मुख्य कचेरी. कवटीतल्या सर्वांत टणक हाडात कोरलेला अडीच वेढ्यांचा शंख, आणि शंखात पाणी. उलगडून सरळ केला तर लांबी सुमारे ३५ मिलिमीटर. त्याच्या लांबीभर एक पातळ पट्टी ताणलेली असते. खिडकीपाशी ती अरुंद आणि ताठ, टोकाकडे जाता जाता रुंद आणि सैल. एवढ्या जागेत २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंतचा सगळा व्यवहार चालतो. कुमार गंधर्व तिथेच, प्रेशर कुकर तिथेच, 'पुढील स्थानक दादर' तिथेच आणि शेजारच्या घरातलं भांडणही तिथेच. मुंबईत एवढ्या जागेत कुणी देव्हारासुद्धा मांडत नाही.

या कचेरीचा कारभार पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो टपालखात्यातल्या माणसाने. हा योगायोग माझ्या पदरचा नाही. गेओर्ग फॉन बेकेशी बुडापेस्टचा. १९२३ पासून तो हंगेरीच्या टपालखात्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, कारण तिथे टेलिफोन टपालखात्याकडेच होते. आपल्याकडेही १९८५ पर्यंत दोघांचा संसार एकत्रच होता. टेलिफोन सुधारायचा तर त्याच्या शेवटच्या टोकाला जो कान लावलेला असतो, तो कितपत चांगला आहे हे आधी कळायला हवं, असं बेकेशीच्या मनात आलं. दुसऱ्या एखाद्या खात्यात अशी फाइल आली असती, तर 'कान हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही' असा शेरा मारून ती आरोग्य खात्याकडे गेली असती, आणि अजून वाटेतच असती. बेकेशीने तसं केलं नाही. त्याने मृत माणसांचे कान मिळवले, त्या टणक हाडाला बारीक छिद्र पाडलं, आतल्या पडद्यावर चांदीचे कण टाकले आणि लुकलुकत्या उजेडात सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला.

त्याला दिसली एक लाट. आवाज आला की खिडकीपाशी लाट उठते, पट्टीवरून पुढे सरकत मोठी होते, एका ठिकाणी कळसाला पोचते आणि तिथून पुढे मरते. आवाज उंच पट्टीतला असेल तर कळस खिडकीजवळ, खर्जातला असेल तर दूर टोकाशी. म्हणजे प्रत्येक कंपनाला पट्टीवर जागा नेमून दिलेली आहे आणि कुठे हललं यावरून काय वाजलं ते ठरतं. या कामाबद्दल बेकेशीला १९६१ साली नोबेल मिळालं. टपालखात्यात राहून माणूस इतका वर जाऊ शकतो, हे आमच्या काही नातेवाइकांना सांगूनही पटणार नाही.

हा सगळा पिनकोडचाच कारभार. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ या दिवशी. त्यामागचं डोकं होतं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं, म्हणजे खात्यातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याचं, आणि हे अधिकारी संस्कृतचे पंडित होते, संस्कृतात नाटकं लिहीत होते. बेकेशी त्याच वर्षी जूनमध्ये होनोलुलूला वारला. दोघांची गाठ पडली असती तर बोलायला विषय होता. वेलणकरांची अडचण अशी की देशात एकाच नावाची गावं पोत्याने. नुसतं 'वडगाव' लिहून पत्र टाकलं तर ते महाराष्ट्रदर्शन करून पाठवणाऱ्याकडेच परत यायचं. त्यात पत्ते नाना लिप्यांत, अक्षर नाना वळणांचं. म्हणून सहा आकडे: पत्रात काय लिहिलंय ते वाचायचं नाही, कुठे जायचं तेवढं पाहायचं. कानही नेमकं तेच करतो. मजकुरात नाक खुपसत नाही. तुमची स्तुती आणि तुमची निंदा तो सारख्याच तत्परतेने आपापल्या पिनकोडवर टाकतो. कानाला हलका म्हणून माणसाची बदनामी होते, पण हलकेपणा असतो तो मजकूर वाचणाऱ्या वरच्या साहेबाचा.

बेकेशीच्या खूप आधी, १८६३ साली, हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन पंडिताने जागेची ही कल्पना मांडली होती. कानात पियानोसारख्या वेगवेगळ्या तारा असतात आणि आपापल्या स्वराला एकेक तार थरारते, असं त्याचं म्हणणं. पंडिताने काही मांडलं की ते खोडून काढायला दुसरा पंडित लागतोच. १८८६ साली रदरफर्ड म्हणाला (अणूवाला नव्हे, हा शरीरशास्त्राचा), की जागाबिगा काही नाही, आवाज जितक्या वेळा थरथरतो तितक्या वेळा कान मेंदूकडे टिकटिक पाठवतो, टेलिफोनसारखी. मग १९३० साली प्रिन्स्टनला वेव्हर आणि ब्रे या दोघांनी भूल दिलेल्या मांजराच्या कानाच्या मज्जातंतूला तार जोडली. एकजण मांजराच्या कानात बोलला, आणि दुसऱ्या खोलीत रिसीव्हर कानाला लावून बसलेल्या सहकाऱ्याला ते चक्क ऐकू आलं. आपल्याकडे फोनसाठी वर्षानुवर्षं प्रतीक्षायादीत नाव असायचं, त्या काळात हे कळलं असतं तर मांजरांचे भाव वाढले असते. ऐकू आलेल्या त्या आवाजात मज्जातंतूंचा वाटा थोडा आणि कानातल्या पेशींच्याच विजेचा वाटा बराच होता, हे पुढे उघड झालं. पण तोवर वाद पेटला होता. जागा की टिकटिक?

निकाल मराठी पंचायतीला शोभेल असा लागला, म्हणजे दोघांचंही बरोबर. पत्रावर पिनकोड असतो तसा तारखेचा शिक्काही असतो. एकटा मज्जातंतू सेकंदाला काहीशे शिक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, त्याला धाप लागते. म्हणून बरेच तंतू मिळून पाळ्या लावून घेतात. एक या लाटेला शिक्का मारतो, दुसरा पुढच्या, तिसरा त्याच्या पुढच्या, पण मारतो तो लाटेच्या नेमक्या त्याच क्षणी. सगळ्यांचे शिक्के एकत्र केले की लाटेचा हिशेब बिनचूक जुळतो. हे जमतं ते चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत. त्यावर शिक्क्यांची शाई फिसकटते आणि सगळी भिस्त पिनकोडवर येते. पियानोची शेवटची पट्टी ४,१८६ हर्ट्झला आहे. माणसाचं संगीत साधारण जिथे संपतं, तिथेच शिक्के मारणाऱ्यांचीही सुटी होते.

हे सगळं एका जागी ऐकायचं असेल तर तंबोऱ्याशेजारी बसावं. मिरजेच्या कारागिराने जवारी नीट लावलेली असली की चार तारांतून पाचवाच कुणीतरी बोलू लागतो. तंबोऱ्याला गंधाराची तार नाही, तरी गंधार ऐकू येतो. जाणकार डोळे मिटून "वा, स्वयंभू गंधार!" म्हणतात, आणि बाकीचे आपल्यालाही आला अशा चेहऱ्याने मान हलवतात. यात चमत्कार नाही. एक तार छेडली की तिच्या मूळ कंपनाबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी अख्खी वंशावळ वाजते आणि पाचपट म्हणजे वरच्या सप्तकातला गंधार. घोडीचं सपाट, किंचित गोलावलेलं अंग आणि त्यावर तारेखाली सरकवलेला दोरा या वंशावळीला बळ देतात. तंबोऱ्याच्या या तऱ्हेवाईकपणाबद्दल चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली निबंध लिहिला. पट्टीवर यातल्या पहिल्या आठ-दहा जणांना स्वतंत्र पिनकोड मिळतात. त्यापुढची मंडळी एकाच चाळीत दाटीवाटीने राहतात. गंधार स्वतःच्या पत्त्यावर रीतसर पोचलेला असतो. तो उचलून घ्यायचा की नाही, हा पुन्हा वरच्या साहेबाचा प्रश्न.

आता कर्मचारीवर्ग. पट्टीवर ज्या पेशी काम करतात त्यांच्या डोक्यावर केसांसारखे ताठ तुरे असतात, म्हणून त्या केशपेशी. तुऱ्यातले केस उंचीप्रमाणे ओळीने उभे, आणि बुटक्याच्या शेंड्यापासून शेजारच्या उंचाकडे एक अतिसूक्ष्म दोरी बांधलेली. पट्टी हलली, तुरा झुकला, दोरी ताणली गेली, की एक बारीक दार उघडतं आणि बाहेरच्या पाण्यातलं पोटॅशियम आत घुसतं. शरीरात इतरत्र पेशींबाहेरच्या पाण्यात सोडियमचं राज्य असतं. इथे खास व्यवस्था म्हणून पोटॅशियम भरून ठेवलेलं, आणि त्या पाण्याला सुमारे ८० मिलिव्होल्टचा विजेचा दाबही दिलेला. पाण्याला दाब आहे आणि विजेचं भारनियमन नाही, अशी ही शरीरातली एकमेव वसाहत असावी. विजेचा झटका बसला की पेशी तळाशी रसायन सोडते आणि मज्जातंतू शिक्का मारतो. डोळ्यात हेच काम रसायनांच्या तीन-चार टेबलांवरून फिरत पुढे जातं. कानात दोरी ओढली की दार उघडलं, मधे शिपाई नाही, अर्ज नाही. म्हणून दोन कानांवर आवाज पोचण्यात सेकंदाच्या लाखाव्या भागाचा फरक पडला, तरी डावं-उजवं कळतं. अंधारात डास नेमका कुठल्या गालावर बसतोय, हे कान अचूक सांगतात. आपण आपल्याच थोबाडीत मारून घेतो तो हाताचा उशीर.

एवढ्या कामाला माणसं किती? एका कानात प्रत्यक्ष ऐकणाऱ्या आतल्या केशपेशी सुमारे साडेतीन हजार. एका डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी बारा कोटींच्या घरात आहेत. अर्थसंकल्पात कुणाचं वजन आहे ते यावरून कळतं.

आतल्यांच्या शेजारी तीन रांगांत बाहेरच्या केशपेशी असतात, सुमारे बारा हजार. पण मेंदूकडे जाणाऱ्या टपालातलं नव्वद टक्क्यांहून जास्त टपाल आतल्यांचंच. मग हे बारा हजार जण करतात काय, हा प्रश्न कुठल्याही कचेरीत पडतो तसाच इथेही पडला. उत्तर मिळायला उशीर झाला, कारण बेकेशीने तपासणी केली ती मेलेल्या कानांची. सुटीच्या दिवशी कचेरीची पाहणी करण्यातला हा प्रकार. मृत कानातली लाट बसकी आणि पसरट होती, आणि ती डोळ्यांना दिसावी म्हणून आवाजही कानठळ्या बसतील इतका मोठा सोडावा लागे. जिवंत माणूस तर शेजारशेजारचे दोन स्वर सहज वेगळे ओळखतो. एवढी बारकाई येते कुठून?

१९४८ साली थॉमस गोल्ड नावाचा तरुण म्हणाला, की कानाच्या आत आवाज वाढवणारं यंत्र असलंच पाहिजे, आणि तसं असेल तर कधीतरी कानातूनच आवाज बाहेर यायला हवा. गोल्डने महायुद्धात रडारवर काम केलेलं, त्यामुळे असले विचार त्याला सुचत. पण कानाच्या तज्ज्ञांनी त्याच्याकडे कानाडोळा केला. गोल्ड वैतागून खगोलशास्त्राकडे वळला. तारे निदान ऐकून न ऐकल्यासारखं करत नाहीत. पुढे तीस वर्षांनी, १९७८ साली, लंडनमध्ये डेव्हिड केम्पने कानात बारीक मायक्रोफोन ठेवला आणि टिक् केलं. क्षणभराने कानाने उलट उत्तर दिलं. कान बोलतो!

बोलणारे होते तेच बारा हजार. ब्राउनेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९८५ साली दाखवलं, की या पेशींना विजेची चाहूल लागली की त्या आखूड-लांब होतात. त्या अक्षरशः नाचतात, सेकंदाला हजारो वेळा, आणि नाचून पट्टीची हालचाल वाढवतात, पण फक्त नेमक्या पिनकोडवर. कुजबुज आली की जोराने, मोठा आवाज आला की जेमतेम. लंडनच्या जोनाथन ॲशमोरने तर एका पेशीला विजेवाटे 'रॉक अराउंड द क्लॉक' गाणं दिलं आणि तिला तालावर नाचताना चित्रित केलं. आपल्याकडे वरातीत जे मामा नाचतात त्यांच्यापेक्षा तिचा ताल बरा आहे. या नाचाला आवर घालणाऱ्या तारा वरून मेंदूकडून उलट दिशेने येतात. म्हणजे हे खातं रिपोर्ट फारसा पाठवत नाही, पण आदेश पाळतं. अशा खात्यांवर कचेऱ्या चालतात हे जाणत्यांना सांगायला नको. आज नवजात बाळाची श्रवणचाचणी याच उलट उत्तरावर होते. बाळाला काही विचारायचं नाही, आईला विचारायचं नाही, आजीला तर मुळीच नाही. थेट कानाला विचारायचं आणि त्याने सांगितलं की संपलं.

बाहेरच्या केशपेशी हळूहळू कमी होऊ लागल्या, की घराघरात एक नाटक सुरू होतं. आमच्या ओळखीच्या एका घरात ते रोज संध्याकाळी पाच वाजता होतं. सूनबाई विचारतात, "नाना, चहा घेणार का?" नाना म्हणतात, "हो, मीपण येणार. कुठे?" सगळे हसतात. पण नानांचा कान खोटं बोललेला नसतो. झीज होते ती आधी खिडकीजवळ, कारण बारीक, उंच आवाजांचे पिनकोड तिथे आहेत. 'स', 'श', 'च', 'फ' ही व्यंजनं तिथली रहिवासी. स्वर राहतात आतल्या बाजूला, सुखरूप. म्हणून नानांना 'आ', 'ए', 'आ' व्यवस्थित पोचतात, व्यंजनं वाटेत गहाळ होतात आणि मेंदू रिकाम्या जागा स्वतःच्या मनाने भरतो. 'ऐकू येतंय गं, कळत नाहीये' ही नानांची तक्रार शास्त्राच्या कसोटीवर शंभर टक्के खरी आहे.

मग सूनबाई ओरडून विचारतात, "ना-ना! च-हा!" त्यावर नाना दचकून म्हणतात, "केवढ्याने ओरडतेस? बहिरा आहे का मी?" हाही तऱ्हेवाईकपणा नव्हे. वाढवणारे नर्तक गेले, त्यामुळे कुजबुज पोचत नाही. पण मोठ्या आवाजाला नर्तक मुळात लागतच नव्हते, तो पूर्वीइतकाच मोठा पोचतो. ऐकू न येणं आणि असह्य होणं यांच्यामधली गल्ली अगदी अरुंद होऊन बसते. तिच्यातून जायचं तर समोर येऊन, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून बोलावं लागतं. राहिला प्रश्न, 'आज भजी करूया का' हे आतल्या खोलीतलं हळू आवाजातलं वाक्य नानांना कसं ऐकू येतं? त्याचं श्रेय कानाला देऊ नये. तेल तापल्याचं नाकाने आधीच वर कळवलेलं असतं.

वरच्या टोकाची ही झीज साठीची वाट पाहत नाही. २००५ साली ब्रिटनमध्ये हॉवर्ड स्टेपलटनने दुकानांसमोर टवाळक्या करणाऱ्या पोरांना पळवायला एक भोंगा काढला. आवाज सतरा हजार हर्ट्झच्या आसपास, पोरांना असह्य आणि तिशी ओलांडलेल्या बहुतेकांना अजिबात न ऐकू येणारा. पोरांनी काय केलं? त्याचाच रिंगटोन केला. वर्गात फोन वाजतोय, सगळा वर्ग गालात हसतोय आणि मास्तर फळ्यावर शांतपणे समीकरण सोडवतायत. स्टेपलटनला इग्नोबेल या गमतीच्या नोबेलचं शांततेचं पारितोषिक मिळालं. मास्तरांची शांतताही त्यात मोजली असावी.

खरी गोष्ट पुढेच आहे. या कचेरीत नवीन भरती होत नाही. सगळ्या नेमणुका आईच्या पोटात असतानाच, अर्ध्या मुदतीच्या आसपास होऊन जातात, आणि पोटातलं मूल शेवटच्या तीन महिन्यांत ऐकूही लागतं. अर्थात तिथे खर्ज पोचतो, व्यंजनं पाण्यातच विरतात. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरायचं कळलं, बाहेर पडायचं कळलं नाही, याचा दोष आपण सुभद्रेच्या झोपेला देत आलो. बाहेर पडण्याच्या कृतीत 'स' आणि 'श' जास्त असतील, ही शक्यता कुणी तपासली नाही. असो. जन्मानंतर मात्र एकही जागा भरली जात नाही. निवृत्त झाला त्याचं टेबल कायमचं रिकामं. महाराष्ट्रातल्या स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांना ही परिस्थिती वेगळी समजावून सांगायला नको.

टेबलं सगळीच रिकामी झाली तर काय, यावर माणसाने तोडगा काढला आहे. मेलबर्नच्या ग्रॅम क्लार्कला बारीक तार शंखाच्या वेढ्यांत कशी सरकवावी हे कळत नव्हतं. सुटीत समुद्रकिनारी बसून त्याने एका शंखात गवताचं पातं सरकवून पाहिलं. टोकाला लवचीक आणि मुळाशी ताठ असलेलं पातं वळत वळत आत गेलं. १९७८ साली त्याने पहिल्या रुग्णाच्या कानात अनेक टोकांची तार बसवली. या कामातून पुढे जे यंत्र निघालं, त्याच्या तारेवर २२ विद्युतटोकं असतात. साडेतीन हजारांच्या जागी बावीस! तरीही पिनकोड सांभाळून, उंच आवाज खिडकीकडच्या टोकाला आणि खर्ज आतल्या टोकाला दिला, की माणसं बोलणं समजू लागतात, पुष्कळजण फोनवरही बोलतात. मेंदू उरलेला मजकूर जुळवून घेतो. इतक्या वेळा त्याला नावं ठेवली, तेव्हा हे श्रेय त्याचं त्याला द्यायला हवं. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना हे यंत्र जितकं लवकर बसेल तितकी भाषा चांगली येते. आपल्याकडे गरजू मुलांसाठी केंद्र सरकारची योजनाही आहे, आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणाचंच काम चालतं. आपल्या संगीतातल्या श्रुतीही बावीसच. यावरून 'आपल्या पूर्वजांना हे आधीच ठाऊक होतं' असा संदेश कुणी मला पाठवू नये, ही नम्र विनंती. तो मला आधीच तीन काकांकडून येणार आहे.

ज्यांची टेबलं अजून भरलेली आहेत ते मात्र ती रिकामी करण्याच्या मागे आहेत. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, हा कामगारांसाठी घालून दिलेला बेताचा हिशेब. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. शंभर डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. पुण्यात गणेशविसर्जनाच्या दिवशी आवाजाच्या भिंती लावलेली मिरवणूक मंडईतून निघाली, की पंधरा मिनिटांत बेलबाग चौकसुद्धा ओलांडत नाही, आणि अलका टॉकीज अजून कित्येक तास लांब असतं. नियमाप्रमाणे वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती २००० सालापासून कागदावर आहे आणि कागदावर तिचं उत्तम चाललं आहे. भिंतीपुढे नाचणाऱ्याच्या कानात तेव्हा वेगळंच चालू असतं. ४,००० हर्ट्झच्या पिनकोडवरचे तुरे आडवे होतात, काही सकाळपर्यंत उठतात, काही उठत नाहीत. सकाळी कानात 'कुंई' वाजतं, दुपारी थांबतं आणि माणूस समजतो की बरं झालं. कचेरीने बसल्या जागेवरून चार माणसं कमी केल्याची नोटीस कुणालाच येत नाही. ती येते वीस वर्षांनी, संध्याकाळी पाच वाजता, चहाच्या रूपाने.

निसर्गात भरती चालू असलेली खाती आहेत, नाही असं नाही. कोंबडीच्या कानातल्या केशपेशी मोठ्या आवाजाने मेल्या, तर काही आठवड्यांत त्या जागी नव्या उगवतात. हे १९८० च्या दशकात लक्षात आलं आणि तेव्हापासून जगभरचे शास्त्रज्ञ कोंबडीकडे आदराने पाहतात. मासे आणि बेडूकही या बाबतीत नशीबवान. सस्तन प्राण्यांना मात्र ही सवलत नाही. म्हणजे आवाजाच्या भिंतीपुढे उभं राहून नाचण्याचा शास्त्रोक्त हक्क कुणाला असेल तर तो बेडूक, मासा आणि कोंबडी या तिघांना. पैकी बेडकाला कुणी विचारत नाही. उरलेल्या दोघांना आपण अगत्याने घरी आणतो, पण मिरवणूक संपल्यावर, आणि तेही नाचायला नव्हे.